उकळणं, गोठणं, उडून जाणं: आंतररेण्वीय बलांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावीला द्रव्याच्या अवस्था शिकवायला घेतल्या की दरवर्षी जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, काही त्यांच्या घरच्यांचे: माठ, कुलर, तूप, सिलिंडर यांच्याबद्दलचे. उदाहरणं मुद्दाम खानदेशातली घेतली आहेत. भुसावळचा मे आणि धुळ्याचा डिसेंबर पाहिलेल्या माणसाला अवस्थांतर शिकायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही.

पाणी उकळलं की त्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात का?

नाही. हा प्रश्न पहिला ठेवला आहे, कारण इथे गल्लत झाली की पुढचं काहीच जुळत नाही. पातेल्यातलं पाणी, त्यावरची वाफ आणि फ्रीजमधला बर्फ, तिन्हींत रेणू एकच आहे: दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, सहसंयुज बंधांनी (म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेऊन) जोडलेले. असा एक बंध तोडायला मोलमागे (मोल हे रेणू मोजायचं ठरावीक माप) सुमारे ४६३ किलोजूल लागतात, आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत असे दोन बंध असतात. उलट १०० अंशांवरच्या एक मोल पाण्याची, म्हणजे १८ ग्रॅमची, वाफ करायला सुमारे ४१ किलोजूल पुरतात. एवढ्या ऊर्जेत रेणू फुटूच शकत नाही. सुटते ती फक्त रेणूंची एकमेकांवरची पकड, आणि तिलाच आंतररेण्वीय बलं म्हणतात.

उकळत्या पाण्यातले मोठे बुडबुडे पाण्याच्या वाफेचेच असतात. त्याआधी, पाणी नुसतं तापत असताना भांड्याच्या कडेला चिकटलेले बारीक बुडबुडे दिसतात, ते विरघळलेल्या हवेचे. दोन्ही वेळा हायड्रोजन कुठेच नसतो.

मग रेणूंना धरून ठेवतं कोण? गुरुत्वाकर्षण?

रेणूंचं वस्तुमान इतकं कमी असतं की त्यांच्यातलं गुरुत्वाकर्षण हिशेबातच धरायला नको. ही सगळी बलं विद्युतभारांची आहेत. रेणू एकूण उदासीन असला तरी त्यातले धन आणि ऋण भार सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, आणि आकर्षण येतं ते तिथून.

काही रेणूंमध्ये हा असमतोल कायमचा असतो. एका टोकाला किंचित ऋणभार, दुसऱ्या टोकाला किंचित धनभार, म्हणजे द्विध्रुव. ॲसिटोनचे रेणू असे असतात आणि ते एकमेकांची विरुद्ध टोकं ओढतात. काही रेणूंमध्ये, उदाहरणार्थ नायट्रोजन किंवा मिथेनमध्ये, असं टोक नसतं. पण इलेक्ट्रॉन सतत हलत असतात. एखाद्या क्षणी ते एका बाजूला जरा जास्त जमतात, तेवढ्यापुरता द्विध्रुव तयार होतो आणि तो शेजारच्या रेणूतही तसाच द्विध्रुव उभा करतो. या आकर्षणाचं गणित फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये मांडलं, म्हणून याला लंडन बल म्हणतात. हे बल प्रत्येक रेणूत असतं; द्विध्रुव असलेल्यांतही असतंच. विद्यार्थी हे हमखास विसरतात.

रेणू एकमेकांना ओढतात आणि स्वतःला जागाही लागते, या दोन गोष्टी धरून वायूंचं समीकरण सुधारण्याचं काम हॉलंडच्या योहानेस व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ च्या आपल्या प्रबंधात केलं. त्यासाठी त्यांना १९१० मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. रेणू खरोखर असतात की नाही, याबद्दलच अनेक शास्त्रज्ञांना शंका होती त्या काळातलं हे काम आहे. त्यामुळे मला ते फार मोठं वाटतं.

क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव आणि आयोडीन स्थायू, असं का?

लंडन बलामुळेच. तिघांचेही रेणू दोन अणूंचे, द्विध्रुव कोणातच नाही. पण क्लोरीनच्या रेणूत ३४ इलेक्ट्रॉन, ब्रोमीनच्या ७० आणि आयोडीनच्या १०६. इलेक्ट्रॉनांचा ढग मोठा आणि सैल असला की तो सहज सरकतो आणि आकर्षण वाढतं. क्लोरीन उणे ३४ अंशांना उकळतो, ब्रोमीन ५९ अंशांना, तर आयोडीन वितळायलाच ११४ अंश लागतात.

पाण्याचा रेणू तर लहान आहे. मग ते खोलीच्या तापमानाला वायू का नाही?

आवर्तसारणीत ऑक्सिजनच्या गटातल्या इतरांकडे पाहा. ऑक्सिजनच्या खाली गंधक, सेलेनियम आणि टेल्युरियम. त्यांच्या हायड्राइडांचे, म्हणजे हायड्रोजनबरोबरच्या संयुगांचे, उत्कलनबिंदू अनुक्रमे उणे ६०, उणे ४१ आणि उणे २ अंश. हा कल तसाच वर नेला तर पाण्याने उणे ८० च्या आसपास उकळायला हवं होतं. मग तापी, गिरणा, पांझरा काहीच वाहिलं नसतं.

फरक पडतो तो हायड्रोजन बंधामुळे. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना फार जोराने स्वतःकडे ओढतो, त्यामुळे त्याला जोडलेला हायड्रोजन जवळजवळ उघडा पडतो आणि शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन-जोडीकडे ओढला जातो. पाण्यात अशा एका बंधाची ताकद मोलमागे साधारण २० किलोजूल असते. सहसंयुज बंधापुढे ही किरकोळ, पण एक रेणू चार शेजाऱ्यांशी असे बंध करू शकतो. हायड्रोजन नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा फ्लोरीनला जोडलेला असेल तिथे हा बंध ठळकपणे दिसतो.

बर्फ पाण्यावर तरंगतो तोही याच बंधांमुळे. ते ठरावीक दिशांनाच होतात, म्हणून बर्फात रेणूंची मांडणी मोकळी राहते आणि गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. फ्रीजरमध्ये काठोकाठ भरलेली काचेची बाटली फुटते ती त्यामुळे.

पाणी उकळायला लागल्यावर गॅस मोठा केला तर ते आणखी तापतं का?

नाही. उघड्या पातेल्यात ते १०० अंशांवरच राहतं, वाफ तेवढी जास्त होते. वर्गात कोणी तरी हमखास विचारतं, की उष्णता तर देतोय, मग ती जाते कुठे?

तापमान म्हणजे रेणूंच्या हालचालीच्या सरासरी ऊर्जेचं माप. अवस्था बदलत असताना दिलेली उष्णता ही हालचाल वाढवत नाही. ती रेणूंना एकमेकांच्या आकर्षणातून दूर नेण्यात खर्च होते. थर्मामीटरला ती दिसत नाही, म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात. एक ग्रॅम बर्फ शून्य अंशावर वितळवायला ३३४ जूल लागतात. तेवढ्याच उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत गेलं असतं. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांवर वाफ करायला मात्र सुमारे २२६० जूल लागतात, जवळजवळ सात पट.

हा सात पटींचा फरक समजून घ्या, कारण पाठ्यपुस्तकात आकडे असतात आणि कारण निसटतं. वितळताना रेणू शेजाऱ्यांना सोडून जात नाहीत. पकड थोडी ढिली होते, काही बंध सुटतात, ते एकमेकांवरून सरकू शकतात, पण जवळच राहतात. वाफ होताना प्रत्येक रेणूला सगळ्या शेजाऱ्यांपासून पूर्ण सुटावं लागतं.

एकदा डाळीला उकळी आली की आच कमी करायला हरकत नाही, तेवढा गॅस वाचतो.

उकळत्या पाण्यापेक्षा वाफेने जास्त का भाजतं? दोन्ही तर १०० अंशांचेच असतात.

एक ग्रॅम उकळतं पाणी त्वचेवर पडून ३७ अंशांपर्यंत थंड झालं तर सुमारे २६३ जूल देतं. एक ग्रॅम वाफ आधी पाणी होताना २२६० जूल देते आणि मग वर तेवढेच २६३. म्हणजे साडेनऊ पट. कुकरचं झाकण घाईने उघडू नका. हात भाजलाच तर नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली १५-२० मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट काही लावू नका.

आमच्या माठातलं पाणी मे महिन्यात गार असतं, पण मुंबईच्या मावशीकडे त्याच माठातलं पाणी तसं होत नाही. माठात फरक की मुंबईत?

मुंबईत. माठाच्या भिंतीतल्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं आणि बाहेरच्या अंगाला त्याची वाफ होते. पाण्याच्या सगळ्या रेणूंचा वेग सारखा नसतो. पृष्ठभागावरचे जे वेगवान असतात, तेच शेजाऱ्यांचं आकर्षण तोडून निसटतात. मागे उरतात त्यांची सरासरी ऊर्जा कमी होते, म्हणजे पाणी गार होतं.

आकडा काढून पाहा. तीस अंशांच्या आसपास एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे २४३० जूल घेऊन जातं. दहा लिटरच्या माठातून १०० ग्रॅम पाणी उडालं, तर बाहेरून येणारी उष्णता सोडल्यास उरलेलं पाणी जवळजवळ ६ अंशांनी उतरतं. एवढं पाणी गेलेलं कळतही नाही.

पण निसटलेले रेणू हवेतून परतही येत असतात. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर जाणारे आणि येणारे जवळजवळ सारखे होतात आणि गारवा थांबतो. खानदेशचा उन्हाळा कडक पण कोरडा. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर बाष्पीभवनाने पाणी किंवा हवा जास्तीत जास्त २३ अंशांपर्यंत उतरू शकते. मुंबईत ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर ही मर्यादा २९ अंशांवर येते. मुंबईची हवा आपल्यापेक्षा दहा अंश थंड असूनही माठ तिथे हरतो.

कुलरचंही हेच. म्हणून कुलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते. खोली बंद केली की हवेत बाष्प साठतं आणि तासाभरात चिकचिक सुरू होते. जून उजाडून ढग जमले की तोच कुलर निरुपयोगी वाटतो, तो बिघडलेला नसतो.

माठ सावलीत पण वारा लागेल असा ठेवा. दोन-तीन उन्हाळे वापरलेल्या माठाची छिद्रं पाण्यातल्या क्षारांनी बुजतात. बाहेरून ओल दिसेनाशी झाली की माठ बदलायची वेळ आली.

धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) घातलेले बिबडे (ज्वारीचे पापड) आणि कुरडया वाळतात, पण पाणी तर १०० अंशांना उकळतं ना?

उकळणं वेगळं, बाष्पीभवन वेगळं. बाष्पीभवन कोणत्याही तापमानाला पृष्ठभागावरून चालू असतं. उकळताना वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका होतो आणि द्रवाच्या आतही बुडबुडे टिकू शकतात. ऊन रेणूंचा वेग वाढवतं, वारा वर जमलेलं बाष्प बाजूला नेतो. ढगाळ दिवशी बिबड्यांचा घाट घालायचा नाही हे आज्यांना पक्कं ठाऊक असतं.

तोरणमाळला डाळ शिजायला वेळ का लागतो?

नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं आणि त्यापुढे तापत नाही. जळगाव सुमारे २०० मीटरवर, तिथे फरक जाणवत नाही. रेणूंमधलं आकर्षण दोन्हीकडे तेवढंच असतं, फक्त वाफेला कमी दाबाशी बरोबरी करावी लागते. प्रेशर कुकरमध्ये उलट होतं: आतला दाब साधारण दुप्पट होऊन पाणी १२० अंशांजवळ उकळतं.

थंडीत तूप घट्ट होतं, शेंगदाण्याचं तेल का होत नाही?

हा माझा सगळ्यांत आवडता प्रश्न, कारण इथे रेणूचा निव्वळ आकार बोलतो. तूप आणि तेल दोन्ही मेदाम्लांपासून बनलेले. दोन मेदाम्लं घ्या, स्टिअरिक आणि ओलेइक. दोघांतही १८ कार्बन, रेणूभार जवळजवळ सारखा. पण स्टिअरिक ६९ अंशांना वितळतं आणि ओलेइक १३ अंशांनाच.

स्टिअरिकची साखळी सरळ असते. अशा साखळ्या एकमेकींना लागून नीट बसतात, संपूर्ण लांबीभर लंडन बल लागू होतं आणि बरेच छोटे धागे मिळून मोठी पकड होते. ओलेइकमध्ये मधोमध एक दुहेरी बंध असतो आणि तिथे साखळी वाकते. वाकलेल्या साखळ्या जवळ बसत नाहीत. लंडन बल अंतर वाढलं की फार झपाट्याने कमी होतं, म्हणून थोडी फट पडली तरी पकड बरीच सुटते.

तुपात सरळ साखळ्या जास्त, शेंगदाणा तेलात वाकलेल्या जास्त. धुळ्यात पारा एक आकड्यावर आला की मात्र तेलही गढुळतं, तेव्हा ते भेसळीचं आहे असं लगेच ठरवू नका. आणि कढवलेलं तूप सावकाश निवू दिलं तर रवाळ होतं, कारण साखळ्यांना रचून बसायला वेळ मिळतो आणि स्फटिक मोठे होतात.

ठिबकची नळी मे महिन्याच्या उन्हात मऊ पडते, पण वितळत का नाही?

रावेर-यावलच्या केळीच्या बागांतून फिरणाऱ्या कुणालाही हे माहीत आहे. नळी पॉलिइथिलीनची असते, फक्त कार्बन आणि हायड्रोजन. हायड्रोजन बंध नाही, द्विध्रुव नाही. इथेन हाच प्रकार दोन कार्बनचा, तो उणे ८९ अंशांना उकळतो. पॉलिइथिलीनच्या साखळीत हजारो कार्बन असतात आणि त्या प्रत्येक ठिकाणी शेजारच्या साखळीशी थोडं थोडं आकर्षण असतं. बेरीज इतकी होते की वितळायला ११० अंशांच्या वर जावं लागतं. साखळ्या सारख्या लांबीच्या नसतात आणि सगळीकडे नीट रचलेल्याही नसतात, म्हणून बर्फासारखा एकच ठरलेला बिंदू मिळत नाही. नळी हळूहळू मऊ पडत जाते. लंडन बलाला सरसकट दुबळं म्हणणाऱ्यांना मी ही नळी दाखवतो.

कापूर वितळताना दिसत नाही, तरी डबीतून कमी कसा होतो?

संप्लवन. कापराचा रेणू जवळजवळ गोलसर असतो, शेजाऱ्याला टेकायला जागा कमी. पकड हलकी, म्हणून पृष्ठभागावरचे रेणू द्रव न होता थेट हवेत जातात. तो वास म्हणजे तेच रेणू. डांबरगोळ्यांचंही असंच. घट्ट झाकणाची डबी हाच उपाय.

जळगावच्या सराफाकडे सोनं वितळतं, तेही आंतररेण्वीय बलांमुळेच का?

नाही. सोन्यात वेगळे रेणूच नसतात. सगळे अणू धातुबंधाने एकत्र असतात, म्हणून वितळायला १०६४ अंश लागतात. मीठ ८०१ अंशांना वितळतं, तिथे आयनांमधलं आकर्षण असतं. हिऱ्यात सहसंयुज बंधांचंच जाळं. आंतररेण्वीय बलांची भाषा फक्त रेणूंच्या पदार्थांना वापरा.

परीक्षेत 'कोणाचा उत्कलनबिंदू जास्त' असं विचारलं तर कशावरून ठरवायचं?

आधी रेणूभार आणि आकार पाहा. ते सारखे असतील तर हायड्रोजन बंध आहे का, मग द्विध्रुव आहे का, या क्रमाने जा. इथेनॉल आणि डायमिथाइल इथर, दोघांचं रेणुसूत्र एकच, पण इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि इथर उणे २४ ला. कारण हायड्रोजन बंध.

रेणूंच्या आकारात मोठा फरक असेल तेव्हा हा क्रम आंधळेपणाने लावू नका. हायड्रोजन क्लोराइड, ब्रोमाइड आणि आयोडाइड यांत द्विध्रुव क्रमाने कमी होत जातो, तरी उत्कलनबिंदू वाढतो: उणे ८५, उणे ६७, उणे ३५. इलेक्ट्रॉन वाढतात आणि लंडन बल बाजी मारतं. दरवर्षी हुशार मुलंही इथे गुण घालवतात, कारण त्यांनी पाठ केलेलं असतं की द्विध्रुव म्हणजे जास्त उत्कलनबिंदू.

गॅसच्या सिलिंडरमध्ये द्रव हलताना जाणवतो, मग रिक्षाच्या सीएनजीत द्रव का नसतो?

एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरासा खाली. दाब दिला की रेणू इतके जवळ येतात की आपल्या हवेच्या तापमानालाही आकर्षण त्यांना द्रवात धरून ठेवतं. शेगडी पेटवली की थोडा दाब कमी होतो, द्रव उकळतो आणि त्यासाठी लागणारा अप्रकट उष्मा तो सिलिंडरकडूनच घेतो. लग्नाच्या स्वयंपाकात मोठ्या भट्टीला लावलेल्या सिलिंडरच्या खालच्या भागावर दव जमतं ते त्यामुळे. थंडीत दाब कमी पडून ज्योत बारीक होते. अशा वेळी सिलिंडर गरम पाण्यात ठेवणं किंवा शेकणं जिवावर बेतू शकतं; कृपा करून कोणी करू नका.

सीएनजी म्हणजे मिथेन, आणि तिथे वेगळी अडचण येते. आयर्लंडच्या थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये कार्बन डायऑक्साइडवर प्रयोग करून दाखवलं की प्रत्येक वायूला एक क्रांतिक तापमान असतं. त्याच्या वर कितीही दाब दिला तरी द्रव होत नाही, कारण रेणूंच्या हालचालीपुढे आकर्षण अपुरं पडतं. कार्बन डायऑक्साइडसाठी ते ३१ अंश, प्रोपेनसाठी ९७ अंश, ब्युटेनसाठी १५२. मिथेनचा रेणू लहान, इलेक्ट्रॉन फक्त दहा, त्यामुळे त्याचं क्रांतिक तापमान उणे ८३ अंश. म्हणून तो वायूच राहतो आणि वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाने जाड भिंतीच्या टाकीत भरावा लागतो. मिथेन द्रव करूनच न्यायचा असेल तर तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करतात, त्याला एलएनजी म्हणतात.